सूनबाईसाठी स्टूल

सूनबाई,

तू उठायच्या आत कारखान्यात चाललोय, म्हणून लिहून ठेवतो. तोंडावर बोलायला मला जमणारही नाही.

तुझ्या त्या टेबलासारख्या पायांवर उभ्या पेडल स्टील गिटारसाठी मी हौसेनं हातांची, पाठीची खुर्ची केली आणि तू आपली जुन्या खोक्यावर बसून वाजवत राहिलीस. म्हणून चार दिवस मी फुगून होतो. काल तू बाहेर गेल्यावर स्वतःच गिटारसमोर त्या खुर्चीत बसून पाहिलं. कोपर खुर्चीच्या हातावर आपटलं. बैठकीची कड मांडीत रुतली. गुडघ्यानं गिटारखालची ती बाजूची दांडी ढकलायला गेलो, तर पेडलवरचा पाय निसटला.

तू तर दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे एकदम चालवतेस आणि वर गालात हसतेस! चाळीस वर्षं मी रेलून बसणाऱ्यांसाठी खुर्च्या केल्या. बसल्या जागी एवढं राबणारं माणूस आपल्याच घरात आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दाराशी नवं स्टूल ठेवलंय. उंची मोजून तुझ्या खोक्याइतकीच, कड गोल, हात नाहीत, पाठ नाही. डुगडुगलं तर खाली कागदाची घडी सारू नकोस, मला सांग. सांगायचं नाही आणि खोक्यावर बसायचं, हे आता पुरे.

आज संध्याकाळी तुझ्या कार्यक्रमाला येतोय. मला खुर्ची नाही मिळाली तरी चालेल, उभ्यानं ऐकेन.

बाबा