नमुन्याचं पान

४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
खारूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. आत्याला सांगा, पोरगी धडधाकट आहे आणि वेळेवर जेवते. निदान एक वेळ तरी.

नवं काम मिळालंय. अंत्यविधीची व्यवस्था करणारे एक गृहस्थ आहेत (मनातल्या मनात मी त्यांना गंभीरराव म्हणते), त्यांची वेबसाइट करायची आहे. जुनी साइट होती तिच्यात पांढरी फुलं सरकायची आणि कोपऱ्यात एक बाई उगाच हसत असायची. मी आधी काहीच आखलं नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक दिवस नुसती बसून राहिले. माणसं येतात तेव्हा डोळे भरलेले असतात आणि फोनवर बोट भलतीकडेच पडतं. त्यांना ना बारीक अक्षर दिसत, ना दहा बटणं कळत. म्हणून ठरवलं, एका पानावर एकच काम, अक्षर ठसठशीत, आणि काहीही हलणार नाही.

तिथे एक गृहस्थ चार शब्द लिहायला म्हणून कागदापुढे बसले होते. बराच वेळ पेन धरून बसले, शेवटी नुसतं नाव लिहिलं आणि उठून गेले. ते पाहून मी शोकसंदेशाच्या चौकटीत तशी सोय केली, की नाव घालून रिकामा संदेशही पाठवता येईल. रिकामा संदेश कोण पाठवणार, असं गंभीरराव म्हणाले. मी म्हटलं, असू द्या.

आता तुमची बोलणी खायच्या तयारीने सांगते. निधनवार्तेच्या नमुन्याच्या पानावर मी तुमचं नाव आणि फोटो टाकलाय, कानामागे ब्रश खोचलेला. गंभीररावांना दाखवून झालं की काढीन. पण दोष तुमचाच. पाटी आखताना अबकड लिहून मोजमाप घेऊ नये, खडूने खरं नावच लिहावं, खोट्या अक्षरांवर बेतलेल्या पाटीत खरं नाव कोंबावं लागतं, हे मला कुणी शिकवलं?

लोभ आहेच. रागावलात तर थोडी कपात चालेल.

तुमची,
खारू

११ नोव्हेंबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आत्याने कपाळाला हात लावला. मी मात्र पोट धरून हसलो. जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवल्या, आपली कुणी रंगवील असं वाटलं नव्हतं.

तू धाडलेलं पान आत्याच्या फोनवर पाहिलं. काम स्वच्छ आहे. पण ‘निधन’ हा शब्द नावापेक्षा मोठा झालाय, तो लहान कर. गिऱ्हाईक माणूस आहे, मरण नव्हे. खाली पुरेशी मोकळी जागा सोडलीस हे बरं केलंस. पाटी भरून टाकायची खोड नवशिक्यांना असते.

‘मागे एक मुलगा, एक मुलगी’ असं लिहिलंयस. मुलाला आधी लिहिलंस, तेही बरं केलंस. त्याची काही खबर? मी विचारलं हे आत्याला कळवू नकोस, ती रडत बसते.

लोभ पक्क्या रंगाचा आहे, ऊनपावसाची काळजी नसावी.

तुझे,
बाबा

२० नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

फार वाईट झालंय. मी दोन दिवस गावाबाहेर होते. तेवढ्यात गंभीररावांच्या माणसाने घाईघाईत सगळी साइट सुरू करून टाकली, नमुन्याच्या पानासकट. नमुना म्हणून वर काही लिहिलेलं नव्हतं, कारण तसं लिहिलं की पान खोटं दिसतं, हा माझाच हट्ट. मी परतले तोवर ओळखीच्यांनी ते पान एकमेकांना धाडलं होतं. आता काढलंय. ज्यांनी संदेश लिहिले त्यांना मी एकेकाला फोन करून माफी मागितली. तुमचा रंगवाला मित्र तर ढसाढसा रडला आणि मग मला शिव्या दिल्या.

एकालाच अजून सांगितलेलं नाही. दादाचा संदेश आहे, बाबा. नुसतं नाव. खालची चौकट रिकामी.

फोन तर तो आई गेल्यापासून आपल्यापैकी कुणाचाच उचलत नाही. त्याची नोकरीची मुलाखत होती म्हणून आपण तेव्हा कळवलं नाही, आणि तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. आता त्याला वाटत असेल, आपण पुन्हा तेच केलं. माझा जीव थाऱ्यावर नाही. मी त्याला आजच खरं कळवणार होते, पण तुम्हाला विचारल्याशिवाय हात उचलेना. लगेच उत्तर धाडा.

लोभ ठेवा म्हणायला तोंड नाही, तरी ठेवा.

खारू

२३ नोव्हेंबर

चि. खारूस आशीर्वाद.

रडू नकोस. चूक सगळ्यांच्या हातून होते. मी एका दवाखान्याची पाटी दुसऱ्यावर लावून आलो होतो.

पण एक ऐक. त्याला इतक्यात काही कळवू नकोस. जिवंतपणी मी त्याला पाच वर्षं पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. मेलो तर त्याने नाव लिहिलं. म्हणजे अजून आतडं तुटतंय. तो येईल. भांडायला येईल, आत्याला जाब विचारायला येईल, पण येईल, आणि दार मी उघडीन. मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे, मला नाहीतरी ऐकू येत नाहीत. जिवंत आहे असं आधी कळलं तर पुन्हा पाच वर्षं फिरकायचा नाही. माझ्याकडे तेवढी आहेत कुठे?

हा महिना संपेपर्यंत थांब. तुला माझी शपथ आहे.

दारावरची आपली पाटी पार उडालीय. खरवडून नव्याने लिहायला घेणार आहे. आला तर घर तरी ओळखू येईल. आत्या म्हणते या थंडीत स्टुलावर चढू नका. तिचं ऐकत बसलो तर जगणं कठीण.

लोभ आहेच, ओला असेतो हात लावू नये.

बाबा

१४ डिसेंबर

चि. खारूस आत्याचे आशीर्वाद.

बाबांचे दिवस उरकून तू नीट पोचलीस हे कळलं, जिवाला बरं वाटलं. दादाला धाडलेल्या निरोपाचं उत्तर नाही, आणि त्याचंच एक आधीचं पत्र तुझ्या दारात पडलेलं सापडलं, पण उघडायचा धीर होत नाही, असं तू म्हणालीस. बाळा, उघड ते. एकटीने उघडू नकोस, शेजारीण असेल तिला बोलव.

तू इथे होतीस तोवर एक गोष्ट जिभेवर आली नाही, ती लिहिते. तुझे बाबा पडले ती अठ्ठावीस तारीख. रोज दुपारी धुतलेला सदरा घालून दाराशी बसायचे. त्या दिवशी कानटोपी आणि मफलर गुंडाळून पाटी खरवडायला स्टुलावर चढले. जुनी अक्षरं काढून झाली होती. मी आत होते, धडपडल्याचा आवाज आला. हॉस्पिटलात शुद्ध होती तेवढ्या वेळात एकच बोलत होते, की तो आला होता. गल्लीच्या तोंडाशी उभा होता, परत फिरला, चालीवरून ओळखला म्हणाले. त्याच्याकडे वळून बघतानाच पाय सटकला. मला वाटलं भ्रमात बोलतायत. मी म्हटलं, हो, येईल परत. त्यांना ऐकू गेलं नसेल.

तुझ्या शपथेचं मला माहीत होतं. तू स्वतःला दोष देऊ नकोस, हे सांगते, पण ते तुला जमणार नाही हेही जाणते. पाटी कोरीच आहे. तू आलीस की ठरवू.

माझा लोभ आता तुम्हा दोघांपुरताच उरलाय.

आत्या

२९ नोव्हेंबर

खारू,

वडीलकीने आशीर्वाद लिहायचे, पण हात धजत नाही.

बाबा गेल्याचं मला एका जाहिरातवजा पानावरून कळलं. आईच्या वेळी तुम्ही निदान उशिरा का होईना कळवलं होतं. या वेळी तेवढंही नाही. फार दिवस राग धरून बसलो. मग वाटलं, जाऊन निदान दाराशी उभं राहावं. काल आलो होतो.

खरं सांगायचं तर दार वाजवायचं मी ठरवलं होतं. आत्याच्या गळ्यात पडायचं ठरवलं होतं. पण गल्लीच्या तोंडाशी आलो तर दारात एक पाटीवाला स्टुलावर चढून बाबांचं नाव खरवडून काढत होता. पाठमोरा होता, डोकं-कान गुंडाळलेले. टोपीखाली कानापाशी ब्रश खोचलेला, बाबा खोचायचे तसा. सगळेच पाटीवाले तसं करत असावेत. माणूस जाऊन महिना नाही झाला आणि तुम्हाला नाव पुसायची इतकी घाई. जिथे त्यांचंच नाव नको, तिथे माझं काय काम?

मी परत फिरलो. मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाटी उतरवली असेल. मी वळून पाहिलं नाही.

यापुढे निरोप धाडू नकोस. आला तरी उघडणार नाही. त्या पानावर लिहायला मला एक शब्द सुचला नाही, आणि तरी ते पान माझं नाव घेऊन गेलं. ज्याने कुणी तशी सोय केली, त्याचा मी ऋणी आहे. तुझी तशी कुणाशी ओळख असेल तर सांग.

लोभाचं तू बघ.

दादा