भाकरीबंदी

२ जानेवारी १९७८, सोमवार. सकाळी सहा.
कंपनीची डायरी मिळाली. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात टाइम ऑफिसच्या माणसालाही डायरी देतात, हे यंदाच कळलं. सदुपयोग करायचा. आजपासून डाएट.

कारण नोंदवून ठेवतो. भिवापूरला साळ्याच्या मुलीच्या लग्नात काढलेला ग्रुप फोटो आला. त्यात माझ्या बायकोच्या, वच्छलेच्या शेजारी एक ढेरपोट्या माणूस उभा होता. मी तिला विचारलं, हा कोण वं? ती म्हणाली, "तुमीच."

आमचे साहेब दिवाळीपासून बारीक झालेत. त्यांच्या मेहुण्याने अमेरिकेहून एक मासिक पाठवलं, त्यातली पद्धत. केबिनमध्ये सहीसाठी उभा होतो तेव्हा दोन पानं वाचून घेतली. एकदम सायंटिफिक. भाकरी, पोळी, भात, डाळ, बटाटा, साखर बंद. मटण, अंडी, मासे पाहिजे तेवढे. चरबी खाल्ली की चरबी जळते. असं काहीतरी होतं.

वच्छलेला सांगितलं. ती म्हणाली, "मग भाकर मी एकटीसाठीच थापू का?" म्हटलं, हो. घरात आम्ही दोघंच. तिचंही काम कमी होईल.

६ जानेवारी
सकाळी अंडी, डब्यात कलेजी, संध्याकाळी मटण. वच्छला चुलीपुढून उठलीच नाही. भूक नाही, चिडचिड नाही. कंपनीच्या बसमध्ये ऑफिसातल्या गोविंदाने जागा दिली नाही म्हणून त्याच्यावर ओरडलो, पण तो तत्त्वाचा प्रश्न होता. पँट सैल वाटते. विलपॉवर आमच्या घराण्यातच आहे.

१० जानेवारी
सकाळी अडचण. बसलो, पण काही झालं नाही. काळजीचं कारण नाही. शरीर जुनी सवय सोडतं तेव्हा असं होणारच. मासिकाच्या तिसऱ्या पानावर लिहिलेलं असेल. ते मी वाचलं नाही.

१३ जानेवारी
आजही नाही. आमच्या चार घरांत मिळून एक संडास. शेजारच्या पार्वतीबाईंनी बाहेरून टमरेल वाजवलं, मग दार वाजवलं. अशाने माणूस एकाग्र कसा होणार? बाहेर आलो तर रांग लागलेली. भैयाजी म्हणाले, "काय गा बळीराम, आत ड्युटी लागली का तुझी?" भैयाजी एस.टी.तून रिटायर झालेत. पोटाच्या बाबतीत स्वतःला तज्ज्ञ समजतात. इसबगोल घे म्हणाले.

वच्छला म्हणाली, पालेभाजी करते, सोबत अर्धी भाकर खा, आपोआप सुरळीत होते. तिला सायन्स कसं समजवायचं?

१६ जानेवारी
इसबगोल घेतला. पाण्याने वजन वाढतं, म्हणून एका घोटात घेतला. आत सिमेंट झालं असावं.

दुसरं म्हणजे, पँटचा उलगडा झाला. वच्छलेने हूक सरकवला होता. "तुमाले बरं वाटावं म्हणून," म्हणाली. खूप बोललो तिला. आपण इथे प्रयोग करतो आहोत आणि घरचेच रिझल्ट बिघडवतात.  मटण शिजवताना ती पदर नाकाला लावून बसली होती. वास सहन होत नाही म्हणे. इतकी वर्षं सहन झाला, मग आताच काहून? नखरे.

२३ जानेवारी
काल एरंडेल घेतलं. सल्ला भैयाजींचाच. सकाळी घरी काही नाही. कंपनीच्या बसमध्ये, हिंगणा रोडवर, अचानक सूचना आली. ड्रायव्हरपुढे हात जोडले. बस थांबली. झुडपाच्या मागे गेलो. अख्खी फर्स्ट शिफ्ट खिडक्यांतून पाहून राहिली होती. सूचना खोटी निघाली. परत चढलो तर गोविंदाने टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी साथ दिली.

घरी येऊन वच्छलेला सांगितलं. पोट धरून हसली. मग हसणं थांबलं तरी तशीच पोट धरून बसून राहिली. म्हटलं, इतकं काही विनोदी नव्हतं.

५ फेब्रुवारी, रविवार
प्रगती मोजलीच पाहिजे. वच्छलेला घेऊन स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनवर गेलो. माझं वजन वाढलेलं निघालं. तिकिटावर भविष्य: 'आपले कष्ट लवकरच फळाला येतील.' मग वच्छलेला उभं केलं. तिचं इतकं कमी आलं की मशीन बिघडलेलं आहे हे सिद्धच झालं. जीव भांड्यात पडला.

परत येताना पुलाच्या जिन्यावर ती मधेच बसली. "जरा दम लागून राहिला," म्हणाली. घरात बसून बसून असं होतं. उद्यापासून दोघांनी सकाळी अंबाझरी तलावापर्यंत फिरायला जायचं. ठरलं.

६ फेब्रुवारी
फिरायला गेलो नाही. थंडी.

१४ फेब्रुवारी
एक निरीक्षण. कडक डाएट मी करतो आणि बारीक होते वच्छला. पोलक्याला तिने दोन्हीकडून टाके घातले. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. चतकोर भाकर घेते, तीही ताटात उरते. दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटते म्हणाली. मला मटणाच्या चार वाट्यांनंतरही तसं वाटत नाही. थोडा हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

पण छान दिसते. नवी नवरी होती तेव्हा अशीच होती. तिला तसं म्हणालोही. वाटलं लाजेल. तिने अंडी उकडायला ठेवली.

२६ फेब्रुवारी, रविवार
सावनेरहून सिंधूताई आल्या. वच्छलेची थोरली बहीण. दारातच हातातली पिशवी खाली ठेवली. "वच्छले, काहून अशी वाळून गेली वं?" मी म्हटलं, डाएट. मी करतो, पण एका घरात राहिलं की दुसऱ्यालाही फायदा होतो. सिंधूताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मयताच्या घरापुढे बँड वाजवला.

दोघी आत हळूहळू बोलत बसल्या. निघताना सिंधूताई म्हणाल्या, "भाऊजी, हिले डॉक्टरले दाखवा. अन्न टिकत नाही तिच्या पोटात. मोरीत जाऊन ओकते, तुमाले दिसत नाही का?" मला कसं दिसणार? त्या वेळी मी संडासच्या रांगेत असतो. म्हटलं, मार्चचं क्लोजिंग झालं की नक्की नेतो. वच्छलाच मधे बोलली, "मले काई नाही झालं वं. आधी ह्यायचं पोट साफ होऊ दे."

बघा. तिची तिलाच घाई नाही.

९ मार्च
भैयाजींनी आता दुधात तूप सांगितलं. दूध डाएटमध्ये बसत नाही, म्हणून नुसतं तूप प्यायलो. ऑफिसात उलटी. रिझल्ट वरच्या बाजूने आला, असं गोविंदा म्हणाला. त्याच्याशी बोलणं बंद.

२० मार्च, संध्याकाळ
सकाळी रक्त पडलं. डॉक्टरकडे गेलो. हार मानली असं नाही, सेकंड ओपिनियन म्हणून. चालवत नव्हतं, म्हणून वच्छलेला आधाराला नेलं. सीताबर्डीवर, त्यांच्या दवाखान्यात बाकावर तासभर बसलो. मग माझा नंबर आला. डॉक्टरांनी मला लवकरच उरकलं. काय खाता विचारलं, ऐकलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. भाकरी खा, भाज्या खा, भरपूर पाणी प्या, चाला. याला काय डॉक्टरकी म्हणायची? हे तर वच्छलाही सांगत होती.

तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. ती दाराला टेकून उभी होती. म्हणाले, बाई, तुम्ही जरा इथे टेबलावर झोपा. मी म्हटलं, साहेब, पेशंट मी आहे. त्यांनी ऐकलंच नाही. तिच्या पोटावर हात ठेवून बराच वेळ दाबत राहिले. एका जागी हात थांबला. मग मान चाचपली, डोळे पाहिले. विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, "दिवाळीपासून, जी."

दिवाळीपासून! आणि मला एका शब्दाने नाही.

मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. औषध काहीच दिलं नाही. माणसाला घाबरवायची डॉक्टर लोकांना सवयच असते. अल्सर असणार. आमच्या अर्ध्या ऑफिसला अल्सर आहे.

रिक्षात वच्छला म्हणाली, "माह्यापायी तुमचं दाखवायचं राहून गेलं." म्हटलं, जाऊ दे.

७ एप्रिल
ऑपरेशन झालं. लवकर झालं. उघडलं आणि परत शिवलं. मोठा आजार असता तर वेळ लागला असता. सर्जन मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि बरंच बोलले. इंग्रजीत. लिव्हरपर्यंत पोचलं आहे, टू लेट, असं काहीतरी. मी येस सर म्हणालो, साहेबांना म्हणतो तसं. पुन्हा येस सर म्हणालो. मग ते थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, घरी न्या, जे आवडेल ते खाऊ द्या.

पथ्यसुद्धा सांगितलं नाही. आजार मोठा असता तर पथ्य सांगितलं असतं.

१८ एप्रिल
सुट्टी घेतली आहे. वच्छलेच्या अंगात ताकद भरायची, हा नवा प्रोग्रॅम. पायाचं सूप मी स्वतः केलं. मासिकाप्रमाणे प्रोटीन. तिने माझ्यासाठी दोन चमचे घेतलं आणि सगळं बाहेर टाकलं. मी पुसलं. ती म्हणाली, "तुमी काहून पुसता, पार्वतीबाईले बोलवा." म्हटलं, मला येते.

मग म्हणाली, ज्वारीची भाकर खावीशी वाटते, दुधात कुस्करून. मला थापता येत नाही. तिने खाटेवरून सांगितलं, पाणी उकळू द्या, पीठ चांगलं मळा, तळहाताने फिरवा. माझी भाकर तव्यावर पडली तेव्हा तिचे तीन तुकडे झाले. वच्छला हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. एक घास तोंडात धरला आणि तसाच धरून ठेवला.

उरलेली मी खाल्ली. डाएट मोडला असं नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून खाल्ली.

४ मे
सिंधूताई न्यायला आल्या. माझी सुट्टी संपली. दिवसभर तिच्याजवळ कोण बसणार? मी म्हटलं, पार्वतीबाईंना सांगतो, मी दुपारी चक्कर मारतो, मॅनेज करतो. वच्छला भिंतीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, "तुमच्यानं नाही होणार, जी. मी जातो सिंधूताईकडे." तिला राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी म्हणाली.

विचार केला तर चांगलंच आहे. हवापालट. सावनेरची हवा नागपूरपेक्षा मोकळी. कोळशाच्या खाणी आहेत, पण त्या दूर. पावसाळ्याच्या आधी परत येईल.

भैयाजींनी ओळख काढून एस.टी.त पुढची सीट धरून ठेवली. तिला उचलून वर चढवलं. डाएट नसता तर मला ते जमलं नसतं, असं आधी लिहिलं होतं. खोडलं. तिचं वजनच नव्हतं.

बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "पाणी पेत जा."

१५ मे
काल सावनेरला जाणार होतो. पोट इतकं तटतटलं होतं की बसमध्ये बसणं शक्य नव्हतं. शिवाय ऊन. एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती निरोप पाठवला की येत्या रविवारी नक्की.

भाकर थापून पाहिली. जमत चालली आहे. ती परत येईपर्यंत गोल येईल.

२२ मे
काल ऑडिटवाले आले म्हणून कारखान्यात जावं लागलं. मला बोलावलं नव्हतं, पण टाइम ऑफिसचं माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. पुढचा रविवार. आता कारण नाही.

भैयाजी संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. औषध सुचवलं नाही. नुसते म्हणाले, "जाऊन ये गा, बळीराम." म्हटलं, जातोच आहे.

२९ मे, सोमवार. सावनेर.
काल पहिल्या गाडीने आलो. डब्यात सूप होतं, या वेळी पातळ केलं होतं. सिंधूताईंच्या अंगणात माणसं बसलेली दिसली. वाटलं, कोणाची सोयरीक जमून राहिली. मग एकजण उठला, जयभीम म्हणाला आणि माझ्या हातातला डबा त्याने काढून घेतला.

पहाटे गेली. मला निरोप द्यायला निघालेला माणूस वाटेत कुठेतरी माझ्या गाडीच्या बाजूने गेला असेल.

दुपारी नेलं. ऊन फार होतं. लोक लवकर परतले.

संध्याकाळी शेजाऱ्यांकडून जेवण आलं. सिंधूताईंनी मला ताट वाढलं, वरण आणि भाकर, आणि समोर बसल्या. मी खायला लागलो. त्या म्हणाल्या, "परवा शुद्धीवर होती. विचारत होती, ह्यायचं पोट साफ होते का आता. मी म्हणलं, होते वं, निरोप आला त्यायचा. खोटंच सांगितलं, भाऊजी."

मी म्हटलं, बरं केलं.

त्यांनी आणखी एक भाकर ताटात टाकली. मी नको म्हणालो नाही.