पाठमोरी

नशिराबाद

शाहबाज बेटा,

तुझे अब्बा गेले, तू घरचा कर्ता झालास आणि आधी मिसबाहची शाळा बंद केलीस. मग बहीण घरातच आहे ना, हे सुरतेहून बघायला फोन पाठवलास. त्याच फोनवर ती दहावीचे धडे शिकली. शेजारी बसून मीही लिहायला-वाचायला शिकले.

उद्या जळगावला तिचा पहिला पेपर आहे. तुझा व्हिडिओ कॉल येणारच, म्हणून काल आम्ही करून पाहिलं. शेजारची नाजमीनखाला मिसबाहची ओढणी घेऊन चुलीपुढे पाठमोरी बसली.

"मिसबाह किधर है?"

"रोटी बना रही है," मी म्हणाले.

"ठीक है." तू फोन ठेवलास.

पन्नाशीची बाई तुला सोळा वर्षांची बहीण वाटली. खाला पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. तुझे अब्बा दाराआडून मिसबाहची पावलं ओळखायचे.

हे पत्र आज टाकत नाही. निकाल लागू दे.

तुझी अम्मी,
मदिना