रस्त्याकडचा गाळा आणि खोली नंबर चार

मी, सोजराबाई बिरदेव कोळपे, वय एकाहत्तर, राहणार कारेगाव, तालुका शिरूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतः सांगून लिहून घेत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण चिरंजीव नवनाथला त्याबद्दल बरीच वर्षे शंका आहे.

१. जमीन कंपन्यांसाठी गेली, तेव्हा आलेल्या पैशातून मी दहा खोल्यांची चाळ आणि रस्त्याकडचा गाळा बांधला. चाळ नवनाथला मिळावी. बांधकामात त्याने एक वीट उचलली नाही. वास्तुशांतीला नारळ मात्र त्यानेच फोडला.

२. चाळीवर पाटी होती : लहान मुले असणाऱ्यांना खोली मिळणार नाही. ती मीच लावली होती. पोरे भिंती रंगवतात, पाणी सांडतात, एवढे शहाणपण तेव्हा माझ्यात होते. एकदा खोली नंबर चारमधला नळ गळत होता, म्हणून माझ्याकडच्या किल्लीने कुलूप काढले. आत चार वर्षांची रोशनी तोंडावर हात दाबून बसलेली. तीन महिने झाले, आईबाप कंपनीत गेले की ती रोज अशीच कोंडलेली असे. तिची आई धावत आली आणि माझे पाय धरून म्हणाली, "अम्मा, निकालिए मत. ये रोती नहीं है." पोरीला तोवर तेवढेच शिकवले होते, आणि तेही माझ्या पाटीपायी. मला लाज वाटली. अजून वाटते.

३. पाटी त्याच दिवशी उतरवली आणि गाळ्यात बालवाडी सुरू केली. मर्सीबाई शिरूरहून एसटीने येऊन शिकवतात. नवनाथ म्हणाला, "आई, ही पोरं आज हितं, उद्या बिहारला. त्यांला शिकवून आपल्याला काय घावणार? त्यापरीस मोबाइलचं दुकान टाकू की." मी मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातली. मलाही एका गुरुजींनी "तुम्ही उद्या जाणार" म्हणून शाळेच्या दारातून परत लावले होते, म्हणून आज हा कागद वकिलाच्या हातून लिहून घ्यावा लागतो आहे. नवनाथची गौतमी तीन वर्षांची असल्यापासून इंग्रजी शाळेच्या बसने जाते. तिला शिकवून काय घावणार, असे मी विचारले, तेव्हा तो ताटावरून उठून गेला.

४. सबब, गाळा मर्सीबाईंना, बालवाडीसाठी. लेकुरवाळ्या कुटुंबाला नवनाथने खोली नाकारल्यास चाळ माझी लेक पूनम हिला जाईल. पूनम कशी आहे, हे नवनाथला ठाऊक आहे.

५. बालदिनाला दोन डझन केळी वाटून चाळीस फोटो काढून गेलेल्या पुढाऱ्यांना माझ्या मयतीत भाषण करू देऊ नये.

६. दहाव्याला बालवाडीला सुट्टी देऊ नये. पिंडाला कावळा शिवला नाही, तर नवनाथने "गाळ्याला हात लावणार नाही" असे चारचौघांत मोठ्याने म्हणावे. शिवला तरी म्हणावे. दर्भाचा कावळा करून उरकून घ्यायचा विचार असेल, तर त्याने समजून असावे, की हा कागद शिरूरच्या निबंधक कार्यालयात नोंदवायचा आहे, आणि तिथे कावळ्याला कोणी विचारत नाही.

वाचून दाखवले, पटले, अंगठा दिला.

सोजराबाई बिरदेव कोळपे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार :
डॉ. एबनेझर साळवे, शिरूर (सही)
तुळजाबाई करगळ, शेजारीण, कारेगाव (सही)

कारेगाव, ६ जून २०२४