अल्काच्या जागी मी

४ जुलै २००८

नाही निवडलं मला. अंगणवाडीच्या माता समितीची अध्यक्ष अल्का झाली – आमच्याच बांधीत भाताच्या रोवणीला येणारी अल्का. ती सातवी शिकलेली, मी बारावी. सेविका सुशीलाबाईंनी विचारलं, "कोणाले करायचं?" तिच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांनी तिच्यासाठी हात वर केले, ते समजू शकते. पण गोंडांच्या बायांनीही केले. माझ्यासाठी तीन हात. त्यातला एक माझ्या जावेचा, दुलारीचा – तोही अर्धाच उचललेला.

५ जुलै

जेवण गेलं नाही. यांना सांगितलं, तर म्हणाले, "अंगणवाडीचं काय येवढं?" काय एवढं ते मलाच माहीत.

१९ जुलै

अल्काने पाळ्या लावल्यात. रोज एक आई तासभर मुलांसोबत बसते. काल एका गोंड बाईने गोंडीत गाणं म्हटलं. तिची मुलगी वर्षभर कोपऱ्यात मुकी बसायची – ती मोठ्याने म्हणायला लागली, टाळ्या वाजवत. आज दुसरीने चिखलाचे बैल करवून घेतले.

माझ्या ओमेश्वरला सोडायला जाते आणि दाराशीच उभी राहते. चांगलं चाललंय, म्हणून तर जास्त जळते. अल्का म्हणाली, "रविताबाई, तुमची पाळी कवा लावू?" मी म्हटलं, "मला घरी कामं आहेत."

मग आमच्या पवार मोहल्ल्यातली एकही बाई गेली नाही. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. तरी बरं वाटलं.

५ ऑगस्ट

अंगणवाडीच्या सुपरवायझर मॅडमचा फोन आमच्याकडे आला, अल्काकडे फोन नाही म्हणून. "अल्काला निरोप द्या, उद्या गोंदियात पालकांची सभा आहे. तिने बोलायचं आहे." हो म्हटलं.

निरोप दिला नाही.

६ ऑगस्ट

मीच गेले. सकाळच्या बसने, चांगली साडी नेसून. मॅडमना म्हटलं, अल्काला जमलं नाही. माझ्या हाती माईक आला. माझं असं सांगायला काहीच नव्हतं! मग गोंडी गाण्याचं सांगितलं, ती मुलगी सांगितली, चिखलाचे बैल – पाय जाड ठेवले की उभे राहतात, हेसुद्धा. "आम्ही केलं, आम्ही केलं" म्हणत गेले. खूप टाळ्या पडल्या. कुडवा गावची एक बाई हात धरून म्हणाली, "दीदी, हमारे यहाँ भी आके बताओ."

परत येताना बसमध्ये रडू आलं. एकही टाळी माझी नव्हती.

२२ ऑगस्ट

मॅडम गावात आल्या. सगळ्या आया बसलेल्या. त्यांनी थेट अल्कालाच विचारलं, "त्या दिवशी सभेला का आली नाहीस?"

अल्काने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "पोरीले ताप होता, मॅडम."

ताप नव्हता. त्या दिवशी ती आमच्या बांधीत निंदण करत होती.

२३ ऑगस्ट

राहवलं नाही. तिच्या घरी गेले, पहिल्यांदाच. तिने चटई टाकली. मी विचारलं, "काल खोटं काऊन बोललीस?"

"खरं बोलली असती तं तुमी उठून गेल्या असत्या. तुमच्या मागं तुमच्या मोहल्ल्यातल्या साऱ्या. मंग त्यायच्या पोट्ट्यायचं काय?" तिने चहा पुढे केला. "मॅडमकडून ऐकून सुशीलाबाई सांगत होत्या, तुमी तिथं सारं बरोबर सांगितलं म्हणून. येवढं ध्यान देऊन इथं कोणीच पायत नाही. सोमवारी तुमची पाळी लावली हाय."

माफी मागायची होती. नुसता चहा प्यायले. घरी येताना पुन्हा जळले – हे सगळं तिलाच कसं सुचतं?

२४ ऑगस्ट

उद्याच्या पाळीसाठी आमच्या पोवारी बोलीतलं एक गाणं आठवत होते, दुसरं कडवं सापडेना. दुलारीला विचारलं. तिने पूर्ण म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "उद्या मीही येऊ का?" तिच्यासोबत आणखी चौघी येणार आहेत.

आता सगळ्यांत आधी अल्काला सांगायला निघाले आहे.