माजिवड्याच्या खाणीखालचा ओढा

अण्णा,

माजिवड्याच्या खाणीबद्दल तुम्हाला लिहायचं बरेच दिवस मनात होतं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, आपण ठाण्याला दोन खोल्यांत राहत होतो आणि तुम्ही त्या दगडखाणीवर मुकादम होतात. सकाळी सायकलवरून जायचात, ते संध्याकाळी भुवयांवर करडी धूळ घेऊन परत यायचात.

वैशाखातला तो रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मला पत्र सांगता आहात, आई वालाचं बिरडं सोलते आहे. खाणमालकांच्या मुंबईच्या कचेरीला पत्रं इंग्रजीच लागायची आणि तुमचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं, म्हणून ती मी लिहायची. खाणीच्या पश्चिमेच्या कड्याला माथ्यावर भेग पडली होती, हाताचा पंजा आत जाईल एवढी. खाणीतून निघालेली माती आणि मुरूम वर्षानुवर्षं त्याच बाजूला टाकलेला, आणि त्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी ओढा. पावसाचं पाणी भेगेत उतरलं की सगळं ओढ्यात येणार, असं तुमचं म्हणणं. त्याआधी ढिगारा हलवायचा, डोंगरावरून येणारं पाणी वळवायला माथ्यावर चर खणायचा, आणि त्यासाठी जादा माणसं हवी होती. "लिही, माणसं ताबडतोब पाठवा," तुम्ही म्हणालात. शाळेत आम्हाला नुकतंच पत्रलेखन शिकवलं होतं. साहेबाला ताबडतोब म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. मी इंग्रजीत लिहिलं, आपल्या सोयीनुसार पाठवावीत. तुम्ही खाली मराठीत सही केलीत.

माणसं आली नाहीत. तुमच्या हातात होतं तेवढं तुम्ही केलंत. कोणाला न विचारता त्या कड्याखालचे सुरुंग बंद केलेत आणि कामगारांची झोपडी न् झोपडी तिथून हलवलीत. श्रावणात एका सकाळी कडा खचला. माणूस एकही दगावला नाही, पण मुरमाने ओढा बुजला. तुंबलेलं पाणी बांध फोडून खालच्या भातखाचरांत शिरलं आणि नुकती लावलेली रोपं गाळाखाली गेली. घरी येऊन तुम्ही एवढंच सांगितलंत, की एक बाई बांधावर उभी राहून विचारत होती, "मुकादम, यंदा आमी काय खावाचा?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

आठवड्याभराने कचेरीतले हेडक्लार्क घरी आले. खिशातून माझंच पत्र काढून त्यांनी त्याचा मराठीत अर्थ सांगितला. "मुकादम, सोयीनुसार म्हणजे काय? घाई होती तर तसं लिहायचं होतंत." आई चहा घेऊन दारात उभी होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, क्षणभरच. मग त्यांना म्हणालात, "मजकूर माझा. मुलीने सांगितलं तसं लिहिलं." ते गेल्यावर तुम्ही मला गॅलरीत बोलावलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "अगं, मी सांगेन तोच शब्द लिहायचा. बरा दिसतो म्हणून दुसरा नाही." मी मान हलवली. पुढे त्यावर तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत.

दिवाळीनंतर कचेरीने माणसं दिली. तुम्ही ओढ्याचं जुनं पात्र उपसून घेतलंत, दोन्ही काठांना मोठे दगड रचलेत, कडा सरळ उभा न ठेवता पायऱ्यांसारखा कापून काढलात, माथ्यावर चर खणलात. आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी स्वतः फावडं घेऊन खाचरांतला मुरूम काढायला जात राहिलात. एकदा मी डबा घेऊन गेले होते. बांधावरची तीच बाई मला म्हणाली, "तुजा बापूस गड्यावानी राबतो गो." मला लाज वाटली, कशाची ते तेव्हा मी ठरवलं नाही. चार घमेली उचलली आणि शाळेचा अभ्यास आहे म्हणून निघाले. पुढच्या पावसात ओढा आपल्या जागेवरून वाहिला. खाचरांत लावणी झाली. कडेच्या एका खाचरात मात्र मुरूम इतका खोल गेला होता, की तिथे नंतर कधी भात आलं नाही.

पावसाळा सरला आणि त्या पत्राचा ठपका ठेवून तुमची बदली झाली, कल्याणच्या पलीकडे, मोहन्याकडच्या एका लहान खाणीवर, मुकादमाच्या हाताखाली. जाऊन येऊन तुम्ही दमायचात, आणि तुम्ही दमलेले दिसलात की आई म्हणायची, "एक पत्र धड सांगता आलं नाही तुम्हाला." तुम्ही ताटातलं संपवून हात धुवायला उठायचात. मी तिथेच असायची. कित्येक वर्षं हे असंच चाललं, आणि तुम्ही गेल्यावरही ती ते म्हणत राहिली. शेवटच्या आजारपणात एका दुपारी ती मधेच म्हणाली, "त्यांनी ते पत्र नीट सांगितलं असतं तर मोहन्याचे हाल टळले असते, नाही का गं?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. तिला खरं सांगायला याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिते आहे, अण्णा. मी हो म्हणाले.