दोन विमानांच्या मधे

शनिवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल असं धरून चालते. तुला काही झालं असतं तर वहिनीने लगेच कळवलं असतं आणि तू लगेच नाकारलं असतंस. मी सुखरूप पोचले. गुडघा शाबूत आहे. बॅगही पोचली, पण तिचं एक चाक वाटेत निखळलं, त्यामुळे ती आता माझ्यासारखीच किंचित लंगडते. लेक बरी आहे, जावई बरे आहेत. नात अजून माझ्याकडे तपासणीला आलेल्या साहेबांकडे बघावं तशी बघते. काल मी तिला रांगेत उभं राहायला शिकवलं. रांगेत ती एकटीच होती, पण उभी छान राहिली.

तू म्हणशील, फोनवर बोलणं झालं, मग पत्र कशाला? फोनवरची तुझी रीत मला माहीत आहे. 'बरी आहेस ना? बरं. घे, वहिनीशी बोल.' पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होता येत नाही, म्हणून लिहितेय. दुकान बंद करून घरी आलास, जेवलास, की वाचायचा चष्मा लावून बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठायचं नाही. हा हुकूम आहे. मी निवृत्त झाले असले तरी पी.टी.ची बाई कायम पी.टी.चीच बाई असते.

तर प्रवास. तुला धास्ती होती ती मधल्या विमानतळाची. एकटी बाई, तिथली भाषा येत नाही, एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचं. आणि तू मला पुन्हा पुन्हा विचारत होतास की मधे अख्खा दिवस काढायची काय गरज, लगेचचं विमान नव्हतं का? मी नाही म्हटलं. होतं, दादा. त्याचं पुढे सांगते.

आमचं पहिलंच विमान रखडलं. सगळे बसलो, पट्टे बांधले, आणि विमान काही जागचं हलेना. मी दर मिनिटाला घड्याळ बघू लागले. शेजारी एक दातांची डॉक्टर होती, गोड मुलगी. तिने माझं तिकीट बघून समजूत घातली की आजी, तुमचं पुढचं विमान संध्याकाळी आहे, उशीर झाला तरी तुमचं काही बिघडत नाही. तिला काय सांगणार की माझं बिघडतंय ते दुपारीच बिघडतंय. मी आपली मान हलवली आणि खिडकीतून बाहेरच्या सामानगाड्यांच्या ड्रायव्हरांकडे डोळे वटारून बघत बसले.

तो विमानतळ म्हणजे तुला काय सांगू! उतरल्यापासून चालतेय तर चालतेय, संपतच नाही. डोक्यावर पिवळ्या पाट्या, पाट्यांवर बाण, बाणांच्या टोकाला आणखी पाट्या. माणसं अशी धावत होती की जणू प्रत्येकाच्या घरी दूध उतू चाललंय. परत एकदा तपासणी झाली. चपला काढा, पर्स द्या. पर्समधून तिथल्या शिपायाने माझी पितळी शिट्टी काढली आणि ती उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली. हे काय, असं त्याने खुणेने विचारलं. मी खुणेनेच मुलं दाखवली, पळणं दाखवलं, दंड-बैठका दाखवल्या. मागची रांग हसायला लागली. त्याने शिट्टी दोन्ही हातांनी परत दिली.

मग एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला गाडी. तिला ड्रायव्हरच नाही, आपली आपण येते, दारं उघडते, निघून जाते. मी एक ठिकाण आधी उतरले, मग परत चढले. सरकत्या पट्ट्यावर पहिलं पाऊल टाकताना एका अनोळखी गृहस्थांचा दंड धरला, त्यांनी पट्टा संपेपर्यंत तो सोडवून घेतला नाही. असं करत करत शेवटी मोठ्या घड्याळाखाली पोचले, कारण आमचं तिथेच भेटायचं ठरलं होतं.

आता 'आमचं' लिहून गेलेच आहे, तर खोडत नाही.

दादा, भिंगरी आली होती. आपली धाकटी.

उठू नकोस. खाली बस आणि वाच. हे आम्ही दोन महिने ठरवत होतो. ती लिफ्टच्या तपासणीसाठी कंपनीतर्फे दुसऱ्या देशात निघाली होती, तिने मुद्दाम त्या विमानतळावरून जाणारं विमान घेतलं. मी लेकीला सांगून माझं तिकीट त्याच दिवसाचं काढलं. बाहेर पडायची परवानगी तिलाही नव्हती आणि मलाही नव्हती, म्हणून जे काय भेटायचं ते आतच, दोन विमानांच्या मधे. वहिनीला माहीत होतं. तिच्यावर आवाज चढवू नकोस. तिने पोटात ठेवलं म्हणून तुझे दोन महिने सुखात गेले.

तर मी घड्याळाखाली उभी आणि भिंगरीचा पत्ता नाही. विमान रखडल्यामुळे निम्मा वेळ तसाच गेला होता. फोन लागेना. मला वाटलं, कंटाळून पुढे गेली. मग झाडणाऱ्या एका बाईंना मी घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं, तर त्यांनी हाताने चहूकडे दाखवलं. तसलं मोठं घड्याळ तिथे प्रत्येक दालनात होतं. म्हणजे मी एका घड्याळाखाली, ती दुसऱ्या, आणि दोघी एकमेकींच्या नावाने बोटं मोडतोय.

मी मग शोधत निघाले. दुसऱ्या दालनात नाही, तिसऱ्यात नाही. चौथ्याच्या तोंडाशी आले आणि लांब, पलीकडे जाणाऱ्या पट्ट्यावर एक पाठ दिसली. न भेटलेल्या नऊ वर्षांत माणसाचं काहीही बदलो, पाठ बदलत नाही. उजवा खांदा जरा खाली, मान जरा पुढे. पट्टा तिला घेऊन चालला होता. हाक मारली तर त्या गोंगाटात माझी मलाच ऐकू आली नाही. मग मी पर्समधून शिट्टी काढली.

मैदानावर फुंकायचे तशी फुंकली, दादा. अख्खं दालन थांबलं. एक बाळ रडायला लागलं, दोघांनी हात वर केले. आणि ती पाठ वळली.

पट्टा पुढे चाललाय आणि ही बया त्याच्यावरून उलटी धावतेय. जेवढी धावते तेवढीच मागे जाते, जागच्या जागी. समोरून येणारे लोक कठड्याला चिकटून तिला वाट देतायत आणि ती सगळ्यांची माफी मागत पळतेय, पण इंचभर पुढे सरकत नाहीये. मी कठड्याला धरून हसत होते, हसता हसता रडत होते. शेवटी एका तरुणाने तिला उचलून कठड्याच्या अलीकडे ठेवलं. तेवढ्यात माझ्याकडे दोन पहारेकरी आले. मी काही बोलायच्या आत ती येऊन मला धडकली आणि मिठी मारून हुंदके देऊ लागली. ते दोघे बिचारे जरा वेळ उभे राहिले, मग एकाने तिची पडलेली टोपी उचलून माझ्या हातात दिली आणि गेले.

ती पहिलं वाक्य बोलली, "अजून शिट्टी बाळगतेस?"

केस पूर्ण पांढरे झालेत तिचे. रंगवत नाही. बाकी तीच भिंगरी, एका जागी घटकाभर ठरणार नाही. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरायच्या आधी आतली पाटी वाचते. एका लिफ्टची तपासणी लांबलेली दिसली तर मला जिने चढायला लावले, गुडघ्यासकट. आम्ही सूप प्यायलो, पाव खाल्ला, अत्तराच्या दुकानात दोन्ही हातांवर इतकी अत्तरं मारून घेतली की पुढे लोक आमच्यापासून अंतर ठेवून बसले. आडवं होता येतं अशा खुर्च्या होत्या, त्यांच्यावर पडून छताकडे बघत बोललो. तिने तुझी नक्कल केली, तू चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासतोस तशी. एक डोळा झाकून, तोच तुझा आवाज काढून, 'हे स्पष्ट दिसतंय, का हे?' मी हसून हसून खुर्चीवरून घसरले. मग तिनेच विचारलं, दादाचे स्वतःचे डोळे कसे आहेत? मी म्हटलं, लांबचं उत्तम दिसतं, जवळचं कधी दिसलं नाही.

त्यावर ती हसली नाही. उठली आणि मला हाताला धरून दालनाच्या पार टोकाला घेऊन गेली. तिथे काचेची भिंत आहे, बाहेर विमानं उभी असतात. खिडकीलगत राखाडी खुर्च्या. त्यातल्या एकीवर तिने हात ठेवला.

"बाबा गेले तेव्हा मी इथे बसले होते," ती म्हणाली.

मला कळेना. आपण सगळे धरून चाललो होतो की ती घरून निघालीच नाही. दादा, ती बातमी कळल्याच्या तासाभरात निघाली होती. पहिलं विमान मिळालं, त्या विमानतळापर्यंत आली, आणि तिथे धुकं पडलं. एकही विमान उडेना. ती रात्र आणि दुसऱ्या दिवशीची दुपार तिने त्या खुर्चीवर काढली. मग घरी फोन लावला, तो तू उचललास. ती 'दादा, मी' एवढंच म्हणाली, आणि तू म्हणालास, 'सगळं झालं. आता यायची गरज नाही.' आणि फोन ठेवलास.

"मला वाटलं, त्याला माझं तोंड बघायचं नाही," ती म्हणाली. "धुकं निवळलं तेव्हा परतीच्या विमानात बसले."

आता मी तिला जे सांगितलं ते तुला सांगते. मी म्हटलं, त्या दिवशी दादा तुझ्यासाठी थांबला होता. लोक खोळंबले होते, काका आत-बाहेर करत होते, सगळे म्हणत होते आता आटपा. दादा ऐकत नव्हता. दर थोड्या वेळाने फाटकाशी जायचा, रस्त्याकडे बघायचा, परत यायचा. शेवटी काकांनीच त्याला हाताला धरून आत आणलं. तू फोन केलास तेव्हा तो नुकताच सगळं उरकून घरी आला होता. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. जे फुटले ते ते.

ती काचेकडे वळून म्हणाली, "मग त्याने मला हे सांगितलं का नाही?"

"आणि तू? वाटेत होतीस हे सांगितलंस?"

आणि मग, दादा, मला वाटलं आता रडेल, तर ती हसायला लागली. म्हणाली, आपलं घर म्हणजे कमाल आहे, एकाने दार आतून लावायचं, दुसऱ्याने बाहेरून, आणि मग दोघांनी म्हणायचं की उघडत नाही. डोळे वाहत होते, पण हसणं खरं होतं. मी तिचं इतकं मोकळं हसणं फार वर्षांनी ऐकलं.

आम्ही दोघी वेळ विसरलो. छतातून एक बाई काहीतरी ओरडत होती, भिंगरी म्हणाली, हे तुझं नाव आहे बहुतेक. माझ्या नावाची अशी चटणी झाली होती की मी ओळखलंच नव्हतं. धावतो तर फलक सांगतोय गेट बदललं, विमान दुसऱ्या टोकाला. आयुष्यभर मी मुलांना पळवलं, त्या सगळ्यांनी मला तिथे बघायला हवं होतं. भिंगरी माझी बॅग घेऊन पुढे, मी गुडघा धरून मागे. चाक निखळलं ते तिथेच. ती बॅग खरडत नेत होती आणि मागे वळून ओरडत होती, "हात हलव, हात, तूच शिकवलंस!"

दारावरची मुलगी दोरी लावत होती. भिंगरीने तिला काय सांगितलं देव जाणे, तिने दोरी काढली. निरोप घ्यायला वेळच नव्हता. मी धापा टाकत म्हटलं, मे महिन्याच्या अखेरीला मी परत इथूनच जाणार आहे.

"मग मी इथे येते," ती म्हणाली. "पण या वेळी पुढेही येणार, तुझ्याबरोबर, घरी. धुकं पडलं तर चालत येईन."

मला वाटलं, माणूस घाईत बोलतो. पण परवा तिचा फोन आला. तिकीट काढलंय. तुझ्या 'ये'ची वाट बघायची नाही असं तिने ठरवलंय, आणि मला ते पटलंय.

तेव्हा दादा, उत्तर लिहीत बसू नकोस. तारीख आणि वेळ वहिनीला कळवते. विमानतळावर तूच ये, कुणाला पाठवू नकोस. तिला बघून काय बोलावं ते तुला सुचणार नाही, हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. नाही सुचलं तर तिच्या हातातली बॅग घे आणि चालायला लाग. तेवढ्याने तिला कळेल.

वहिनीला प्रेम. नात हाक मारतेय, बहुधा रांग मोडलीय.

बाहेर येणाऱ्या गर्दीत एकीला शोधू नकोस, दोघींना शोध.

तुझ्या दोघी बहिणींकडून,
मधली